सैनिकी ओळखपत्रांची पाठचिकित्सा

युद्धकालीन सैनिकी ओळखपत्राकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. घरातील माणसे ते स्मृतिचिन्ह म्हणून जपतात. संग्राहक त्यावरील शिक्का, पलटणीचे नाव आणि कागदाची अवस्था पाहून त्याचे मोल ठरवितात. दोन्ही रीतींत एक गृहीत समान आहे : पत्रावर जे लिहिले आहे ते तसेच खरे मानावयाचे. हे गृहीत तपासल्यावाचून अशा पत्राचा इतिहासाचे साधन म्हणून स्वीकार करता येत नाही. ताम्रपट वाचताना दात्याचे म्हणणे, लेखकाचा हात आणि कोरणाऱ्याची चूक ही वेगवेगळी काढावी लागतात. तीच शिस्त येथेही हवी.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदी सैन्याचा व्यवहार मुख्यतः इंग्रजी आणि रोमन लिपीतील उर्दू यांत चाले. मराठी शिपायाने तोंडी सांगितलेले नाव-गाव कारकून रोमन अक्षरांत उतरवी. या लेखनात त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ यांतील भेद उरत नाहीत. स्वरांचे ऱ्हस्वदीर्घत्वही बहुधा लोपते. पन्हाळा तालुक्यातील कळे आणि कराड तालुक्यातील काले ही दोन गावे रोमन लिपीत एकच होतात. जिल्ह्याच्या नावाने हा घोटाळा सुटेल असे वाटते. परंतु तेथेही सावध राहावे लागते. कोल्हापूर हे १ मार्च १९४९ पर्यंत संस्थान होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १९४३ च्या पत्रावरील सातारा आजच्या नकाशात शोधणारा म्हणूनच फसण्याचा संभव आहे.

तथापि अशी पत्रे सदोष म्हणून बाजूला सारणे हीही घाईच ठरेल. इटलीच्या रणभूमीवर १० जुलै १९४४ रोजी धारातीर्थी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे नाव रोमन लिपीत ‘येशवंत’ असे रूढ झाले आहे. याला चूक म्हणण्यापूर्वी येसाजी, येसूबाई ही नावे आठवावीत. बोलीतील यकारानंतरचा एकार अशा लेखनात उतरला असण्याचा संभव आहे. कानाने ऐकून लिहिलेला शब्द पुष्कळदा शुद्धलेखनाने झाकलेला उच्चार राखून ठेवतो. तो मुकाट्याने दुरुस्त करणारा संपादक पुराव्यालाच हात लावतो.

हा प्रश्न केवळ मराठी नावांपुरता नाही, हे कोल्हापूरलगतच्या वळिवडे येथील पोलिश छावणीवरून ध्यानात येते. १९४३ ते १९४८ या काळात तेथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती, आणि अनेकांचे आप्त पोलिश सैन्यात होते. पोलिश भाषेत पतीचे आडनाव ‘स्की’ने संपत असेल तर पत्नीचे ‘स्का’ने संपते. हे व्याकरण न जाणणाऱ्या वाचकाला एकाच कुटुंबातील दोन कागद दोन कुटुंबांचे वाटतील. पोलिश लिपीतील आडवी रेघ असलेले ‘एल’ हे अक्षर ‘व’सारखा ध्वनी दाखविते, इंग्रजी टंकयंत्रावर ती रेघ नसते आणि नावाचा उच्चारच पालटतो. मराठी ळकाराची गतही तीच होते.

यावरून एक साधा नियम मांडता येतो. पलटण आणि शिपाईक्रमांक या गोष्टी सैन्याने स्वतः ठरविलेल्या असतात. त्यांचे प्रामाण्य अधिक. नाव, गाव, वय या सांगून-ऐकून लिहिलेल्या गोष्टी होत. त्यांना अन्य आधार हवा. जन्मनोंद नसलेल्या शिपायाचे वय अंदाजानेच लिहावे लागे. १९४९ च्या तिसऱ्या जिनीव्हा कराराच्या सतराव्या कलमानुसार ओळखपत्रावर आडनाव, नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख असावी लागते. त्यात वडिलांच्या नावाला स्वतंत्र स्थान नाही. मराठी माणसाच्या नावात मात्र वडिलांचे नाव मध्येच असते, आणि एकाच गावच्या दोन समनामी शिपायांतील भेद पुष्कळदा त्यावरूनच कळतो.

म्हणून अशा पत्रांची सूची करताना मूळ रोमन लेखनातील एकही अक्षर न बदलता ते नोंदवावे. देवनागरी वाचन त्याच्याशेजारी, अनुमान म्हणून, द्यावे. गावचे दप्तर आणि कुटुंबातील उच्चार यांच्याशी ते ताडून पाहावे. घाडगे यांचे नाव इटलीतील कॅसिनो स्मारकावर कोरलेले आहे. अशा स्मारकांवरील नावांचा आधार सैन्याच्या नोंदीच असतात. तेथे चुकलेले अक्षर दगडात कायम होते, आणि पुढच्या पिढीला आपला माणूस सापडेनासा होतो. कागद पेटीत आणखी काही वर्षे टिकेल. त्यावरील नाव घरात कसे उच्चारीत हे सांगू शकणारी माणसे मात्र थोडी उरली आहेत. यास्तव कागदाच्या छायाचित्राआधी तो उच्चार टिपून घेणे अगत्याचे आहे.