सामोआचा कब्जा : कालमर्यादेचा प्रश्न

पहिल्या महायुद्धाच्या आरंभी न्यूझीलंडने जर्मन सामोआ घेतला, त्या घटनेचे वर्णन बहुधा ‘रक्तहीन विजय’ असे केले जाते. स्टीफन जॉन स्मिथ यांचा अधिकृत कागदपत्रांवर आधारलेला ग्रंथ (१९२४) हे या मोहिमेच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन होय. ग्रंथाच्या शीर्षकातच १९१४–१५ ही मर्यादा घातलेली आहे. मोहिमेच्या वृत्तांताला ती योग्यच आहे. परंतु कब्जाच्या इतिहासालाही तीच मर्यादा लागू करावी काय, हा विचारणीय प्रश्न आहे.

लष्करी भाग थोडक्यात सांगता येतो. आपिआजवळील बिनतारी केंद्र जर्मन आरमाराच्या उपयोगी पडू नये, म्हणून ते हस्तगत करण्याची विनंती ब्रिटिश सरकारने न्यूझीलंडला केली. २९ ऑगस्ट १९१४ रोजी सुमारे १,४०० सैनिक आपिआ येथे उतरले. वसाहतीत जर्मन फौज नव्हती. प्रतिकार झाला नाही. येथवर ‘रक्तहीन’ हे विशेषण यथार्थ आहे.

तथापि ध्वजाबरोबर बंदराची आणि रहिवाशांच्या जीविताची जबाबदारीही नव्या सत्तेकडे आली. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ऑकलंडहून आलेल्या ‘टालून’ जहाजावर इन्फ्लुएन्झाचे रुग्ण असतानाही उतारूंना आपिआत उतरू देण्यात आले. साथीत सुमारे ८,५०० माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या पंचमांशाहून अधिक, मरण पावली. शेजारच्या अमेरिकन सामोआत मात्र गव्हर्नर जॉन पॉयर यांनी कडक क्वारंटाइन पाळल्याने या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. तेथून मिळू शकणारी मदत न्यूझीलंडचे प्रशासक रॉबर्ट लोगन यांनी घेतली नाही. समाज एक, साथ एक, शासने मात्र दोन. अशा स्थितीत केवळ दैवाला दोष देता येत नाही.

साथ हा कब्जाचा अटळ परिणाम नव्हता, असा आक्षेप येथे संभवतो. तो मान्य करूनही उत्तरदायित्वाचा प्रश्न उरतोच. साथीने विश्वास ढासळला. पुढे ‘माऊ’ चळवळ उभी राहिली आणि २८ डिसेंबर १९२९ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तिचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे प्राणघातक जखमी झाले. १९६२ साली पश्चिम सामोआ स्वतंत्र झाला. २००२ साली पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी या दोन्ही घटनांबद्दल न्यूझीलंडच्या वतीने क्षमायाचना केली.

राज्यकर्त्यांनीच ज्या हिशेबाची जबाबदारी स्वीकारली, तो इतिहासकाराने १९१५ पाशी मिटविणे युक्त नव्हे. अशा कब्जांचे मूल्यमापन करताना अभ्यासकांनी न झाडलेल्या गोळ्यांबरोबर पुढील प्रशासनाचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.