गोड शब्द आणि खालची सही

आजचा विषय आहे नेत्यांची मुत्सद्देगिरी आणि खुशामत. समोरचा माणूस बलवान आहे, लहरी आहे, अहंकारी आहे, आणि त्याच्याशी काम तर पडणारच आहे. अशा वेळी राज्यकर्त्याने कितपत गोड बोलावे? हल्ली रोज संध्याकाळी टीव्हीवर यावर भांडण चालते. एक पक्ष म्हणतो, ही चाणक्यनीती. दुसरा म्हणतो, ही लाचारी. आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात. दोघेही नेत्याच्या तोंडाकडे बघतात. त्याच्या हाताकडे, म्हणजे तो सही कशावर करतो आहे तिकडे, कुणी बघत नाही.

चाणक्याचे नाव घेतोच आहोत, तर आधी त्याचाच ग्रंथ उघडू. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजाची पत्रे कशी लिहावीत याचे एक प्रकरण आहे. तिथे 'साम' पाच प्रकारचे सांगितले आहे. पहिले गुणसंकीर्तन, म्हणजे समोरच्याची स्तुती. मग संबंधोपाख्यान, म्हणजे जुने नातेसंबंध उकरून काढणे. मग एकमेकांचा फायदा दाखवणे, त्यानंतर पुढचे आशादायक चित्र रंगवणे. आणि पाचवे आत्मोपनिधान, म्हणजे 'मी तुमचाच, माझे ते सारे तुमचे' असे म्हणणे. आता हे सारे येते कुठे? पत्रलेखनाच्या प्रकरणात! म्हणजे कौटिल्याच्या लेखी स्तुती हे दफ्तरातले काम आहे. तिच्यात पराक्रमही नाही आणि पापही नाही. 'माझे ते तुमचे' हेसुद्धा त्याने बोलण्याचाच एक प्रकार म्हणून सांगितले आहे.

जर्मन तत्त्वज्ञ कांट हा खोटे बोलण्याचा कट्टर विरोधक. पण त्यानेही १७९८ च्या मानवशास्त्रावरील ग्रंथात शिष्टाचाराच्या गोड बोलण्याला सुट्या नाण्यांची उपमा दिली. नाणे हलके आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. म्हणून त्यात फसवणूक नाही. आपल्या लकडगंजात हे वेगळे समजावून सांगायला नको. वखारवाला गिऱ्हाइकाला 'या शेठ, बसा शेठ' म्हणतो, चहा मागवतो. पण सागवानाचे घनफूट मोजताना तो टेप ढिला सोडत नाही. तिथेही ढिला सोडला, तर मग तो व्यापार कसला?

आता इतिहासाकडे येऊ. शिवाजीराजांचे उदाहरण सगळेच देतात, पण बहुतेक वेळा अर्धे देतात. १६५९ साली अफझलखानापुढे आपण घाबरलो आहोत असे दाखवून त्याला जावळीत आणले, हे पोरासोरांना माहीत आहे. त्याहून अवघड प्रसंग जून १६६५ मधला आहे. पुरंदरचा तह झाला. २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख गेला; १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख उरला. मिर्झाराजे जयसिंगांपुढे राजे स्वतः गेले. म्हणजे इथे नुसते शब्द नव्हते, सहीसुद्धा झाली होती. मग आमचे म्हणणे इथेच कोसळते की काय?

नाही कोसळत. ती सही कशावर होती ते बघा. मनसब संभाजीराजांच्या नावे घेतली, स्वतःच्या नावे नाही. १२ किल्ले हाती ठेवले. आपल्या मुलखात बादशहाची कायमची फौज बसवून घेतली नाही. जे दिले ते पुढे परत घेता येईल असे होते. मे १६६६ मध्ये आग्र्याच्या दरबारात अपमान झाला तेव्हा राजांचा राग उघड झाला, आणि पहारा बसला. ऑगस्टमध्ये सुटून आले. आल्यावर काय केले? लगेच तलवार उपसली नाही. औरंगजेबाकडे पुन्हा नरमाईची पत्रे गेली. १६६८ मध्ये बादशहाने 'राजा' हा किताब मान्य केला. ती सगळी शांतता कारभाराची आणि महसुलाची घडी बसवण्यात खर्ची पडली, आणि १६७० मध्ये कोंढाण्यापासून किल्ले परत यायला लागले. गोड शब्दांनी त्यांनी वेळ विकत घेतला, आणि त्या वेळाचा हिशेबही चोख ठेवला.

आता आपल्या नागपूरचे बघू. हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो, कारण ते आपल्याला सोयीचे नाही. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी डिसेंबर १८०३ मध्ये देवगावचा तह केला. कटक गेले, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला, आणि इंग्रजांचा रेसिडेंट नागपुरात येऊन बसला. पण तैनाती फौज? ती मात्र रघुजींनी घेतली नाही. रेसिडेंटशी गोड बोलले, मान दिला, वाटाघाटी लांबवत ठेवल्या. १८०९ मध्ये अमीरखानाच्या स्वारीच्या वेळी इंग्रजी फौज मदतीला आली, तरी त्या कागदावर सही नाही. मार्च १८१६ मध्ये वारले तोवर नाहीच. बारा वर्षांहून अधिक काळ एका पराभूत राजाने नुसत्या सौजन्याने तो कागद दूर ठेवला. या माणसाचे कौतुक आपण फारसे करत नाही. कारण उघड आहे, त्यात लढाई नाही.

रघुजी गेल्यावर साधारण दोन महिन्यांनी, मे १८१६ मध्ये, आप्पासाहेबांनी तैनाती फौजेच्या तहावर गुपचूप सही केली. का केली? गादीवरचे परसोजी दुबळे होते आणि दरबारात आप्पासाहेबांना विरोधक होते. त्या घरच्या विरोधकांना दाबायला त्यांना रेसिडेंट जेंकिन्सचा हात हवा होता. कौटिल्याचे पाचवे साम, आत्मोपनिधान, इथे पत्रातून उठून तहात जाऊन बसले! फौज कंपनीची, खर्च नागपूरचा, आणि परराष्ट्रव्यवहार कंपनीला विचारून. असली सही परत घेता येत नाही. दीड वर्षाने ती पुसायचा प्रयत्न झाला. पेशव्यांकडून 'सेनासाहेबसुभा' हा किताब घेतला आणि २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीची लढाई झाली. सैनिक शौर्याने लढले. पण शत्रूची फौज राजधानीत आपण होऊन बोलावून घेतलेली होती. डिसेंबरात आप्पासाहेब रेसिडेन्सीत हजर झाले, पुढे कैद झाली, कैदेतून निसटले, आणि १८४० मध्ये जोधपूरला परक्या आश्रयाने वारले. त्यांच्यानंतरचे तिसरे रघुजी कंपनीशी निष्ठेने वागले. १८५३ मध्ये ते निपुत्रिक गेले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले. हातात काहीच उरले नसेल, तर निष्ठेलाही किंमत मिळत नाही.

हाच काटा आजच्या जगाला लावून बघा. जपानचे शिंझो आबे नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प यांना भेटायला सोनेरी गोल्फ स्टिक घेऊन गेले. लोक हसले. २०१८ मध्ये जपानच्या पोलादावर अमेरिकेचे शुल्क लागलेच. पण अमेरिका पॅसिफिक व्यापार करारातून बाहेर पडल्यावर त्याच आबेंनी उरलेल्या देशांना धरून ठेवले, आणि मार्च २०१८ मध्ये ११ देशांच्या सह्या झाल्या. तोंडात स्तुती आणि हातात दुसरी वाट. आपल्याकडे २०१९ मध्ये ह्यूस्टनला आणि २०२० मध्ये अहमदाबादला भव्य सोहळे झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावर ५० टक्के शुल्क आलेच. म्हणून सोहळे चुकीचे होते असे आम्ही म्हणत नाही. पण सोहळा हाच करार आहे असे जे समजले, त्यांची समजूत चुकीची होती. अहंकारी माणूस स्तुती ही आपली हक्काची वसुली समजतो. वसुलीची कुणी परतफेड करतो का?

तेव्हा पुढच्या वेळी एखादा नेता कुणाची आरती ओवाळताना दिसला, तर लगेच टाळ्याही वाजवू नका आणि शिव्याही देऊ नका. तीन प्रश्न विचारा. जे दिले ते परत घेता येईल का? मिळालेल्या वेळात घरी काय उभे केले? आणि हे गोड बोलणे देशासाठी आहे, की घरच्या विरोधकांना दाबण्यासाठी? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण आप्पासाहेब तिथेच बुडाले. हे प्रश्न विचारायला नागपूरच्या माणसाला दिल्ली-वॉशिंग्टनला जावे लागत नाही. सीताबर्डीचा किल्ला रोज डोळ्यांसमोर आहे. लढाईनंतर तो इंग्रजांनी बांधला.