उरलेलं ऑपरेशन कोणी केलं?

पॉल कलानिधी यांचं ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’ हे पुस्तक लोक एकमेकांना देतात ते मरणाविषयीचं पुस्तक म्हणून. मलाही ते तसंच मिळालं होतं, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. एका रात्रीत वाचलं, शेवटाला रडलो आणि दुसऱ्या मित्राला देऊन टाकलं. गेल्या वर्षी पुन्हा वाचलं तेव्हा मात्र शेवटापर्यंत पोचायच्या आधीच अडकलो. या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात आजारपणानंतर कामावर परतण्याची एक गोष्ट आहे, आणि पहिल्या वाचनात ती मला दिसलीच नव्हती.

कलानिधी अमेरिकेत स्टॅनफर्डला न्यूरोसर्जन होण्याचं प्रशिक्षण घेत होते. सात वर्षांच्या रेसिडेन्सीचा शेवट दिसायला लागला होता. २०१३ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर असल्याचं कळलं, तोही चौथ्या टप्प्यातला. मार्च २०१५ मध्ये ते गेले. पुस्तक २०१६ मध्ये आलं, त्याचा समारोप त्यांच्या पत्नी लूसी यांनी लिहिला.

पुस्तकात एमा या नावाने येणाऱ्या कॅन्सरतज्ज्ञ पहिल्याच भेटीत एक अनपेक्षित विषय काढतात. कलानिधींना आकडे हवे असतात: किती टक्के जगतात, किती महिने. एमा त्या आकड्यांत शिरत नाहीत. त्या कामावर परतण्याबद्दल बोलतात. त्यांना परत ऑपरेशन करायचं असेल, तर सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन हे औषध निवडता येईल, म्हणजे हातांच्या नसा सांभाळल्या जातील. मरणाची तयारी करून आलेला माणूस गोंधळून जातो. डॉक्टर मात्र त्याच्या बोटांचा विचार करत असतात.

प्रत्यक्षात केमोची गरज लगेच पडत नाही, गोळ्यांनी गाठी आटोक्यात येतात. आधी व्यायाम करून शरीरात थोडी ताकद आणली जाते. मग हॉस्पिटलशी बोलणं होतं आणि सुरुवातीपुरतं ठरतं: दिवसाला एकच ऑपरेशन. ऑपरेशन थिएटरबाहेरचे पेशंट बघायचे नाहीत. रात्रीची ड्यूटी नाही.

एवढं करूनही पहिल्याच ऑपरेशनमध्ये त्यांना चक्कर येते. त्यांना मागे सरकावं लागतं, आणि उरलेलं ऑपरेशन सोबतचा ज्युनिअर डॉक्टर पूर्ण करतो. दुसऱ्या दिवशी कलानिधी परत येतात. या वेळी जरा बरं जमतं.

मी अडकलो तो इथे.

आमच्या टीममधला एक सीनियर आठ महिन्यांच्या उपचारांनंतर परत आला होता. आम्ही केक कापला. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट एचआरकडे गेलं. मॅनेजर हसत म्हणाला, “युवराज सहा महिन्यांत मैदानात होता, तू दोन जास्तच घेतलेस.” सगळे हसले, तोही हसला. तिसऱ्या आठवड्यात त्याला ऑन-कॉल लागला. रोस्टर मी बनवत होतो. शीटमध्ये सगळ्यांची नावं असायची आणि फॉर्म्युला आपोआप आठवडे वाटायचा. मी त्याला काही विचारलं नाही, तोही काही बोलला नाही. एका रात्री तीन वाजता सिस्टिम पडली. त्याने उठून ती दुरुस्त केली आणि सकाळी दहाच्या स्टँडअपलाही आला. ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. चार महिन्यांनी त्याने राजीनामा दिला. कारण: वैयक्तिक.

मॅनेजरने युवराजचं नाव घेतलं ते सहज. आपल्याकडे आजारातून परतण्याची सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट तीच आहे. मार्च २०१२ मध्ये युवराज सिंगची केमोथेरपी संपली आणि ११ सप्टेंबरला तो चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध टी-ट्वेंटी खेळत होता. ३४ धावा केल्या, भारत एका धावेने हरला. गोष्ट खरी आहे आणि मोठीही आहे. पण ती नेहमी एका माणसाच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मग ज्याला परतणं जमत नाही, त्याची जिद्दच कमी पडली असा अर्थ न सांगता निघतो.

काही देशांनी हे जिद्दीवर सोडलेलं नाही. जर्मनीत ‘हॅम्बुर्ग मॉडेल’ नावाची पद्धत आहे. माणूस रोज थोडे तास कामाला येतो, काही आठवड्यांत तास वाढवत नेतो. या काळात कागदोपत्री तो आजारीच धरला जातो आणि त्याला आजारपणाचा भत्ता मिळत राहतो. शिवाय वर्षात सहा आठवड्यांहून जास्त आजारी राहिलेल्या कर्मचाऱ्यासाठी, परतणं कसं जमवायचं याची बोलणी मालकाने सुरू करायची, असं कायदाच सांगतो. आपल्याकडे ईएसआय योजनेत कॅन्सरसारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकतं. पण २०१७ पासून त्यासाठी पगाराची मर्यादा २१ हजार रुपये आहे, आणि ती मदत रजेच्या काळासाठी आहे. रजा आणि पूर्ण काम यांच्यामध्ये पायरी नाही. सर्टिफिकेटवर ‘फिट’ लिहिलं की माणूस शून्यावरून थेट शंभरवर.

या नजरेने वाचलं की कलानिधींच्या पुस्तकातली उणीवही दिसते. त्यांनाही अखेर शंभरच हवे असतात. ते भराभर पूर्ण कामाचा भार उचलतात. वेदना आणि मळमळ सोसत दिवस काढतात, घरी येऊन गोळ्या घेतात आणि अंथरुणावर कोसळतात. पुस्तक हे प्रामाणिकपणे सांगतं, पण त्याला प्रश्न विचारत नाही. अर्धं काम करणारा सर्जन हा सर्जन असतो का, हा प्रश्न पानापानावर घुटमळतो आणि त्याचं उत्तर आधीच ‘नाही’ ठरलेलं असतं. मग स्कॅनमध्ये नवी गाठ दिसते. एक शेवटचं ऑपरेशन करून ते थिएटरमधून बाहेर पडतात. रेसिडेन्सी पूर्ण झाल्याच्या समारंभालाही त्यांना जाता येत नाही, त्या दिवशी त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागतं.

दुसरी उणीव मला जास्त टोचते. पहिल्या दिवशी उरलेलं ऑपरेशन करणाऱ्या ज्युनिअरचं पुढे काय झालं? जे पेशंट कलानिधी बघत नव्हते ते कोण बघत होतं? त्यांच्या वाटच्या रात्री कोणी काढल्या? कविता आणि तत्त्वज्ञान इतक्या प्रेमाने वाचणाऱ्या या लेखकाला ही माणसं जवळजवळ दिसत नाहीत. वेळ कमी असलेल्या माणसाकडून ही अपेक्षा करणं कठोर आहे, हे मला कळतं. पण त्यांच्याशिवाय ते परत येऊच शकले नसते. शिवाय ज्यांच्या वाट्याला जास्तीचं काम येतं त्यांचं नाव कुठेच लिहिलं गेलं नाही, तर परतलेल्या माणसाचं ओझं त्यांच्या मनात रागासारखं साठत जातं. आमच्याकडेही काही जण म्हणायला लागले असते, हे मला माहीत आहे. कदाचित त्यालाही माहीत होतं आणि म्हणूनच तो तीन वाजता उठला.

तरी मी हे पुस्तक आता पुन्हा लोकांना देतो. देताना सांगतो, शेवट वाचशीलच, पण ते ऑपरेशन अर्ध्यात सोडतात ती पानं सावकाश वाच.

पुढच्या महिन्यात आमच्या टीममधली एक जण मोठ्या ऑपरेशननंतर परत येतेय. परवा मी शीट उघडली आणि फॉर्म्युल्यातून तिचं नाव काढून टाकलं. मग हात थांबला. न विचारता नाव घालणं आणि न विचारता नाव काढणं, दोन्हींत तिचा आवाज नाहीच. एमांनी आधी विचारलं होतं, औषध नंतर ठरवलं होतं. मी नाव परत घातलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि शेजारी नवा रकाना केला: तिचे आठवडे कोण घेतंय, नावासकट. पहिलं नाव माझं टाकलंय. तिला फोन उद्या करणार आहे.