‘बनवाबनवी’ही रिमेकच होता

२०१८ला ‘धडक’ आला तेव्हा ‘सैराटची वाट लावली’ असं बरेच जण म्हणाले. मला ते पटत नाही. ‘सैराट’ आजही २०१६मध्ये होता तसाच आहे. त्यातली एक फ्रेमही हललेली नाही.

आणि राग रिमेकचाच असेल, तर ‘अशी ही बनवाबनवी’चं काय करायचं? ज्याचे मीम्स आपण अजून फॉरवर्ड करतो तो १९८८चा सिनेमा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वर बेतलेला आहे. तिथेही घर मिळावं म्हणून मित्रांपैकी दोघं बायकांचा वेश घेतात. पण वसंत सबनिसांनी ती गोष्ट पुरती पुण्याची केली. भाडेकरूंना धारेवर धरणारा सरपोतदार दुसऱ्या शहरातला वाटतच नाही. घर न मिळण्याची अडचण तशीच ठेवली, आणि सगळा विनोद तिच्यातूनच येतो.

‘धडक’ने अजय-अतुलचं ‘झिंगाट’ हिंदीत नेलं, करमाळ्याकडची गोष्ट उदयपूरला नेली आणि जात एखाद-दोन वाक्यांत उरकली. ‘सैराट’मध्ये पाटलाचा पोरगा भर वर्गात सरांच्या थोबाडीत मारतो आणि त्याचं काहीच वाकडं होत नाही. ते पाहिलेलं असतं म्हणून शेवटचा खून अंगावर येतो. जात काढली की तसाच शेवट नुसता धक्का देतो.

नुकसान झालं ते फक्त ‘धडक’ पाहून ही गोष्ट आपल्याला कळली असं समजणाऱ्याचं. रिमेक बघताना मी आता एवढंच बघते: गाणी आणली, पण मूळ भांडण आणलं का?