चौथा रकाना

पुस्तकाचं परीक्षण लिहायला ते पुस्तक वाचावंच लागतं असं नाही, हे मी बरीच परीक्षणं वाचून ताडलं आहे. माझी पंचाईत अशी, की प्रस्तुत पुस्तक मला पाठ आहे. सगळं नव्हे, एकच पान. वडिलांच्या जुन्या डिझेल जीपबरोबर एक माहितीपुस्तिका वारसाहक्काने माझ्याकडे आली. तिच्यातलं 'दोष व निवारण' हे ते पान. डावीकडे दोष, मध्ये कारणं, उजवीकडे उपाय. लेखकाचं नाव दिलेलं नाही. त्याच्या दृष्टीने बरंच झालं.

आमचा दोष सातव्या ओळीत आहे : 'इंजिन जोर धरत नाही'. मिस्त्रीलोक याला 'पिकअप नाही' म्हणतात. म्हणजे पाय दाबला की जीप लगेच पळत नाही, आधी विचार करते. काउंटरवर चेक आला की मी जसा आधी पेनचं टोपण शोधतो, तसंच काहीसं. मग दोन आचके देते आणि मग चालली तर चालली.

या एका दोषापुढे लेखकाने अकरा कारणं दिली आहेत, तीही एकाच मापाच्या टाइपात. 'गाळणी तुंबणे' आणि 'पंप झिजणे' शेजारी शेजारी बसलेत. पहिल्याचा खर्च पाहुण्यांच्या चहापाण्याइतका, दुसऱ्यात एखादी म्हैस यावी. सुरुवात कुठून करायची, याबद्दल ग्रंथकार मौन पाळतो.

ग्रंथकार गप्प असला की टीकाकारांचं फावतं. आमचे जळगावचे मिस्त्री पंपवादी, तर धुळ्याचे नोझलवादी. 1906 साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हापासूनच हा मतभेद असावा. "साहेब, पंप उतरवावाच लागेल," असं जळगावकरांनी गाडीचं बॉनेट न उघडताच सांगितलं. एका तिसऱ्या विद्वानाने प्लग बदलायला सांगितला. डिझेलच्या इंजिनात ठिणगीचा प्लग नसतोच, एवढं मला त्या पानामुळे ठाऊक होतं. ग्रंथाचा तेवढा उपकार मान्य करायला हवा.

पंपवाद्यांचा रोख मात्र मी समजू शकतो. तो पंप आहेच तसा. आत बारीक दट्टे, आणि ते आपापल्या नळीत मायक्रॉनच्या हिशेबाने बसवलेले. दट्ट्याच्या अंगावर तिरकी खाच असते. आपण पाय दाबला की एक दांडी सरकते, दट्टा थोडा फिरतो आणि खाचेमुळे डिझेलचं माप कमीजास्त होतं. ना संगणक, ना वायर. बॉशने असे पंप 1927 पासून कारखान्यात घाऊक बनवायला घेतले. 1954 सालच्या मर्सिडीज 300 एसएल या डौलदार मोटारीत तर पेट्रोलसुद्धा अशाच यांत्रिक पंपाने सिलिंडरात सोडत. आपल्याकडे मायको कंपनी बंगलोरला 1951 साली निघाली. वर पंपाला सील असतं. आत डोकावता येत नाही असल्या वस्तूवर माणसाचा संशय पहिला जातो. आमच्या बँकेत कॅश कमी भरली की सगळे आधी स्ट्राँगरूमच्या दाराकडेच बघतात.

पंपाच्या दुरुस्तीचा आकडा भंगारवाल्याने जीपला देऊ केलेल्या आकड्यापेक्षा मोठा निघाला. आमची ही म्हणाली, "द्या की मग त्यालाच." तिचा हिशेब चोख होता. पण त्या जीपच्या स्टिअरिंगवर वडिलांच्या अंगठ्याने पडलेला गुळगुळीत डाग आहे, आणि तो भंगारात वजनावर धरत नाहीत.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. हा ग्रंथ काय बिघडलं ते विचारतो, केव्हा बिघडतं ते विचारत नाही. धूर कसला हेही विचारत नाही. अडखळताना काळा धूर आला तर डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय किंवा नोझल नीट फवारत नाही. धूरच नसेल तर डिझेलच पोचत नाही. आमची जीप निर्धूर अडखळे. एवढ्यावर निम्मी कारणं बाद झाली असती आणि नोझलवादी घरी गेले असते. अस्सल कागद पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये म्हणून इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले. 1926 साली त्यांनी देह ठेवला तोही धुळ्यातच. आमच्या गावच्या टीकाकारांना निदान शेजारधर्म म्हणून तरी हे लागू व्हावं.

बी.कॉम.च्या जोरावर मला एकच विद्या येते. खतावणी जुळली नाही आणि फरकाला नऊने भाग गेला, तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असण्याचा दाट संशय घ्यावा. फरकच बोलतो. म्हणून मी वही घातली. जळगावहून टाकी भरून निघालो की जीप पारोळ्याजवळ अडखळे. म्हणजे साधारण 57 किलोमीटरवर. धुळ्याहून टाकी भरून परत निघालो की एरंडोलजवळ, साधारण 60 वर. जागा निराळी, अंतर जवळपास सारखं. तेव्हा चढ नाही, रस्ता नाही. पंप झिजला असता तर गिरणेच्या पुलावरही झिजलेलाच असता.

इथवर येऊन माझी अक्कल संपली. ती पुढे नेली पारोळ्याजवळ ट्रॅक्टर थांबवलेल्या एका शेतकऱ्याने. "काय व्हयनं भाऊ?" मी त्यांना वही दाखवली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही. "टाकीनं झाकन उघाडीसन देखं का?"

झाकण फिरवलं. टाकीने फुस्सकन मोठा श्वास घेतला. झाकणातलं हवेचं छिद्र धूळ आणि डिझेलच्या चिखलाने बुजलं होतं. डिझेल जात होतं, त्याच्या जागी हवा येत नव्हती. टाकी भरलेली असताना वरची जागा कमी, म्हणून ओढ लवकर बसे. आणि दर वेळी डिझेल भरायला झाकण उघडलं की गुन्हेगार आपोआप सुटे.

रात्री ते पान पुन्हा काढलं. अकरावं कारण : 'टाकीच्या झाकणाचे छिद्र बंद'. होतं बिचारं तिथे! ग्रंथकाराची माफी मागतो, पण अर्धीच. पानाच्या कडेला पेन्सिलीने चौथा रकाना आखला आणि त्यात लिहिलं, 'भरल्या टाकीने निघाल्यावर, साठेक किलोमीटरवर, धूर नाही'.

छिद्र साफ केलं ते हिच्या सेफ्टी पिनने. ती पिन तिने दुसऱ्या दिवशी परत मागितली. डिझेलचा वास येतो म्हणून घेतली नाही.