चूल की कार्ड? : सामाजिक शास्त्रं आणि त्यांचं 'उपयोजन'

आजचा विषय कागदावर फार कोरडा दिसतो: सामाजिक शास्त्रं आणि उपयोजित सामाजिक शास्त्रं यांचं नातं. म्हणून व्याख्येपासून सुरुवात न करता एका घरापासून करू.

२०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन नुकसानीची माहिती गोळा करत हिंडत होतो. छापील तक्ता हातात दिलेला होता. एका घरात शिरलो. भिंतीवर डोक्याच्याही वर चिखलाची रेघ. तक्त्यातला पहिलाच रकाना: कुटुंबप्रमुखाचं नाव आणि शिधापत्रिकेचा क्रमांक. घरातल्या मावशी म्हणाल्या, "कार्ड एकच हाय, पर चुली दोन हायत. थोरला येगळा खातोय. मग काय लिवणार तुमी, चूल का कार्ड?"

आम्ही कार्ड लिहिलं. चुलीला तक्त्यात जागाच नव्हती. थोरल्याचं भिजलेलं धान्य, भांडी, पोरांची दप्तरं असा सगळा संसार धाकट्याच्या हिशेबात मिसळून गेला. दोन संसार बुडाले होते, कागदावर एकच बुडाला. ती नोंद अजून डोक्यातून जात नाही.

आता बघा, मावशींनी विचारलेला प्रश्न कुठल्या खात्यातला? 'शुद्ध' शास्त्राचा की 'उपयोजित' शास्त्राचा?

आपल्याकडे वर्गात या दोहोंचं नातं साधारण असं मांडलं जातं: समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानवशास्त्र ही ज्ञान तयार करतात; समाजकार्य, ग्रामीण विकास, लोकप्रशासन ही ते वापरतात. म्हणजे धरणातून कालवा, कालव्यातून पाट, पाटातून सरी. ज्ञान वरून खाली वाहणार आणि खालच्या माणसानं नुसतं दारं धरायचं. हे चित्र सुटसुटीत आहे, परीक्षेत लिहायला सोपं आहे. पण आपल्याच सातारा-सांगलीचा इतिहास त्याला साक्ष देत नाही.

पहिलं उदाहरण इरावती कर्व्यांचं. १९५३ साली त्यांचा भारतातल्या नातेसंबंधांवरचा ग्रंथ आला. एकत्र कुटुंब म्हणजे काय, हे त्यांनी तिथे सांगितलं: एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं खाणारी, मालमत्ता सामाईक असणारी, देवकार्य एकत्र करणारी आणि आपसांत नातं असणारी माणसं. झालं 'शुद्ध' शास्त्र! पण याच बाईंनी जाई निंबकरांच्या बरोबरीनं कोयना धरणाच्या विस्थापितांची पाहणी केली. ती १९६९ साली डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध झाली. हे झालं 'उपयोजित'. मग कर्वे मधे कधी खातं बदलून आल्या का? नाही. चूल, छप्पर, मालमत्ता, देव ही व्याख्येतली अंगं. धरणाच्या पाण्याखाली ती एकाच वेळी जात नाहीत आणि नव्या गावठाणात एकाच वेळी परतही मिळत नाहीत. छप्पर मिळतं, देव जुन्या गावात राहतो, भावकी तीन ठिकाणी फुटते. व्याख्या ज्याला पक्की ठाऊक आहे त्यालाच मोडतोड नेमकी दिसते. आणि मोडतोड पाहिल्यावर व्याख्येतलं कुठलं अंग किती भार पेलत होतं, हेही कळतं. आमच्या तक्त्यामागे मात्र ना व्याख्या होती, ना पाहणी. होता फक्त कार्डाचा क्रमांक.

दुसरं उदाहरण तासगाव तालुक्यातलं, रोजगार हमीचं. वि. स. पागे हे इथलेच, विसापूर परिसराशी जोडलेले. सर्वोदयी वळणाचे कार्यकर्ते आणि दीर्घकाळ विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम देता येईल का, याचा प्रयोग साठच्या दशकात तासगाव भागात झाला. पुढे १९७२ च्या दुष्काळानं त्याची निकड राज्याला पटवली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. देशाचा रोजगार हमी कायदा यायला २००५ उजाडलं.

इथे पाणी उलटं चढलं, हे लक्षात घ्या. मदत खऱ्या गरिबालाच पोचावी कशी, हा अर्थशास्त्रातला जुना पेच. दाखला मागितला की दाखले तयार होतात! रोजगार हमीनं दाखला मागितलाच नाही. उन्हात माती उपसायची, मजुरी बेताची. ज्याला खरोखर गरज आहे तोच येणार. याला 'स्वयंनिवड' म्हणतात, आणि या योजनेच्या निमित्तानं अर्थशास्त्रज्ञांनी तिच्यावर पुष्कळ लिहिलं.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. कामावर बायका मोठ्या संख्येनं आल्या. कुमुदिनी दांडेकरांनी आपल्या अभ्यासात हे ठळकपणे पुढे आणलं. आता बेरोजगाराची पुस्तकी व्याख्या काय? ज्याला काम नाही आणि जो काम शोधतोय तो. गावातल्या बाईला विचारा, "काम शोधता का?" ती म्हणणार, "न्हाई, घरीच असते." ती बेरोजगारांत मोजली जातच नाही. पण गावाजवळ काम निघालं की तीच बाई पाटी घेऊन हजर! मग चुकलं कोण, बाई की व्याख्या? हा प्रश्न योजनेनं शास्त्राला विचारला.

याचा अर्थ सिद्धांत अडगळीत टाका, असा नाही. वि. म. दांडेकरांचा जन्म साताऱ्यातला, पां. वा. सुखात्म्यांचा सातारा जिल्ह्यातल्याच बुधचा. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यावरचा अभ्यास मांडला. माणशी दिवसाला २,२५० उष्मांक हा त्याचा पाया. सुखात्मे संख्याशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं असं की एकाच माणसाची गरजसुद्धा रोज सारखी नसते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं. सरासरीच्या खालचा प्रत्येक जण कुपोषित कसा ठरेल? हा वाद वर्षानुवर्षं चालला. वरवर तो विचलनाचा, म्हणजे निव्वळ संख्याशास्त्राचा. पण रेघ कुठे ओढायची यावर लाखो लोक उपाशी ठरणार होते किंवा नव्हते. याहून 'शुद्ध' प्रश्न कुठला आणि याहून 'उपयोजित' तरी कुठला?

म्हणून आमचा आक्षेप दोन्ही बाजूंना आहे. शुद्ध शास्त्रवाले व्याख्या करून मोकळे होतात, ती दारात उभी राहिल्यावर काय होतं ते बघायला जात नाहीत. आणि उपयोजितवाले, ज्यांत आम्हीही आलो, तक्ता कुणी आणि कशासाठी आखला हे विचारत नाहीत. आजकाल 'उपयोजित' या शब्दाचा अर्थ पुष्कळदा एवढाच उरतो: प्रकल्प दुसऱ्याचा, प्रश्न दुसऱ्याचे, रकाने दुसऱ्याचे; आपण भरायचे आणि मुदतीत द्यायचे. विद्यार्थ्याला पाहणी करायला शिकवतो, पण "हा रकाना चुकला आहे" असं म्हणायला शिकवत नाही. ते म्हणायला सिद्धांत लागतो. कर्व्यांची ती व्याख्या त्या दिवशी आठवली असती, तर निदान समासात 'चुली दोन' एवढं लिहिता आलं असतं. पेन हातात होतं, समास कोरा होता.

तुमच्यापैकी अनेक जण कुठल्या ना कुठल्या पाहणीवर जाणारे आहात. एक करा. तक्ता हातात आला की पहिल्या दहा घरांत जे उत्तर रकान्यात बसत नाही ते वेगळ्या वहीत टिपून ठेवा आणि तक्ता आखणाऱ्याकडे परत न्या. तो चिडला तरी न्या. पुढच्या वेळी त्या वह्यांवरच बोलू. तुमच्या नोंदी जरूर पाठवा.