तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि वाचकाचा अधिकार

पुण्याचा रस्ता मुंबई-आग्रा रस्त्यास जेथे मिळतो, त्या नाशिकच्या द्वारका चौकात येणाऱ्या-जाणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. तेथून गोदावरी ओलांडून पंचवटीत रामकुंडावर जावे, तर पहिला प्रश्न नावागावाचाच. आडनाव, मूळ गाव व कूळ सांगितले, की तीर्थोपाध्याय वही काढून यजमानापुढे त्याच्या घराण्याचा लेख उघडतो. पूर्वी कोण आले, बरोबर कोण होते, हे वाचून यजमान त्याखाली आपली नोंद व सही करतो.

या वह्यांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते, ते योग्यच होय. परंतु वही ही एक लेखनकृतीही आहे, आणि प्रत्येक लेखनकृतीप्रमाणे तिनेही आपला वाचक गृहीत धरलेला आहे. हा वाचक म्हणजे लिहिणाराचा वंशज. दत्तक पुत्र, दुसरे लग्न, अकाली मृत्यू यांचे उल्लेख तेथे संकोचावाचून करता येतात, ते वाचणारा घरचाच असणार या भरवशावर. म्हणून वही गुप्त नव्हे आणि जाहीरही नव्हे. संबंध सांगणारास ती खुली आहे.

यावर असा आक्षेप संभवतो, की हा न्याय सर्वत्र लाविला तर संशोधनच खुंटेल. आक्षेप रास्त आहे. वि. का. राजवाडे यांनी दारोदार हिंडून जुनी दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध केले. कुलपात ठेवलेला कागद सुरक्षित असतोच असे नाही. वाळवीस कुलूप लागत नाही. तथापि जतन करणे आणि प्रसिद्ध करणे ही दोन भिन्न कर्मे होत. आज वहीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ते संगणकावर ठेवणे सुलभ झाले आहे. त्यास व्यक्तिनामांची सूची जोडली, की ज्याचा त्या घराण्याशी काडीचा संबंध नाही असा मनुष्यही घरबसल्या तिचा वाचक होतो. अक्षर तेच राहते. वाचक मात्र पालटतो.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला. तो ध्यानी घेता, छायाचित्रे सर्व पानांची घ्यावीत. फार जुनी पाने अभ्यासकांस मोकळी करावीत. हयात व्यक्तींची नावे असलेली पाने मात्र वहीच्याच रीतीने, संबंध सांगणारासच दाखवावीत. संपादकाने काही गाळले असेल, तर गाळल्याची खूण ठेवावी. न सांगता गाळणे हा वाचकाशी अप्रामाणिकपणा होय.

हा विवेक केवळ सौजन्याचा नव्हे, साधनाच्या हिताचाही आहे. आपली नोंद उद्या कोणीही चाळील असे यजमानास वाटू लागले, तर तो नावापुरते नाव लिहून उठेल. मग वही सर्वांस खुली राहील, पण तिच्यात वाचण्याजोगे काही उरणार नाही.